दख्खनमधल्या दगडी हत्यारांचा दगड का बदलला?

प्रवराकाठ

नेवाशाजवळ प्रवरेच्या काठावर, एकाच कड्यात, दोन निराळ्या थरांत दोन निराळ्या तऱ्हेची दगडी हत्यारं मिळतात. खालच्या गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी आणि क्लीव्हर, म्हणजे रुंद सरळ धारेची हत्यारं. हातात भरतील एवढे मोठे, बेसाल्ट नाहीतर डोलेराइटचे, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचे. वरच्या थरात बोटभर छिलके, तासण्या, अणकुच्या. त्या लाल, पिवळ्या, दुधी दगडाच्या: जास्पर, चर्ट, अकीक. ह. धी. सांकळिया यांनी १९५०च्या दशकात हा क्रम नोंदवला आणि वरच्या थरातल्या हत्यारांना 'नेवासन' असं गावाचंच नाव दिलं. आता त्यांना मध्य पुराश्मयुगीन, म्हणजे जुन्या दगडी युगाच्या मधल्या टप्प्यातली, म्हणतात.

प्रश्न असा, की नदी तीच, डोंगर तेच, काळा दगड तेव्हाही पायाखाली पसरलेला होता आणि आजही आहे. रंगीत गोटेसुद्धा नदीत आधीपासून होतेच. मग माणसांनी लाखो वर्षं वापरलेला दगड सोडला का?

शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते: आधी ओबडधोबड, मग सुबक, मग गुळगुळीत, मग तांबं. ती वाचून असं वाटतं की माणूस हुशार होत गेला आणि हत्यारं आपोआप सुधारली. मला हे पटत नाही. नेवाशाची एखादी चांगली हातकुऱ्हाड बघितली की ती करणारा कमी हुशार होता असं कुणीही म्हणणार नाही. दोन्ही बाजू सारख्या, धार सलग, वजन तोललेलं. तेव्हा 'हुशारी' हे उत्तर सोडून बोलू. भूगर्भशास्त्र, पुरातत्त्व, शेती, पाथरवटांचं काम, कुठलीही बाजू माहीत असेल तर जरूर लिहा.

रानवारा

उत्तम विषय. वाचतोय.

सह्यकडा

भूगर्भाची बाजू मी मांडतो, कारण इथे निम्मं उत्तर तिथेच आहे.

दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर असा पसरला. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि दगडात पोकळ्या राहतात. पुढे या पोकळ्यांतून सिलिका मिसळलेलं पाणी झिरपत राहतं आणि सिलिका आत साचत जाते. त्यातूनच कॅल्सेडनी, अकीक, जास्पर बनतात. शेजारच्या पोकळीत झिओलाइटचे स्फटिकही असतात, पण हत्याराला त्यांचा उपयोग नाही. काळा दगड झिजून माती झाला तरी सिलिकेचे हे गोटे झिजत नाहीत. ते सुटे होतात आणि ओढ्या-नद्यांत येऊन पडतात.

म्हणजे प्रवरेच्या पात्रातला रंगीत गोटा हा काळ्या दगडाच्या पोटातूनच आलेला आहे. आणि त्याचा आकार त्या पोकळीएवढाच असणार. बहुतेक गोटे लिंबाएवढे ते मुठीएवढे. मोठे सापडतात, पण क्वचित, आणि त्यातले पुष्कळसे आतून पोकळ नाहीतर तडकलेले.

आता १५-२० सेंटीमीटरची हातकुऱ्हाड लिंबाएवढ्या गोट्यातून निघणार कशी?

काळ्या दगडातही फरक असतो. साधा बेसाल्ट हवेनं आणि पाण्यानं लवकर कुजतो. डोलेराइट जमिनीच्या भेगांत निवलेला असतो, त्याच्या डाइक म्हणजे भिंतीसारख्या कडा माळावर लांबवर गेलेल्या दिसतात. हा दगड घट्ट आणि एकजिनसी. नेवाशाजवळच्या चिरकीला गुद्रून कॉर्व्हिनस यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्खनन केलं, तिथली मोठी हत्यारं याच जातीच्या दगडांची आहेत.

तिरपागडा

सह्यकडा, तुमचं म्हणणं आकारापुरतं ठीक आहे. पण मूळ प्रश्नाला तुम्ही वळसा घातलात. मोठ्या हत्याराला मोठा दगड लागतो हे मान्य. मग मोठं हत्यारच का सोडलं? आणि प्रवराकाठ, तुम्ही 'हुशारी' दाराबाहेरच ठेवलीत, ते मला घाईचं वाटतं. गाभ्याला, म्हणजे ज्यातून छिलके काढायचे त्या दगडाला, आधीच ठरवलेला आकार द्यायचा आणि मग एका ठोक्यात हवा तसा छिलका काढायचा, ही पद्धत हातकुऱ्हाडीपेक्षा जास्त पायऱ्यांची आहे. पुढच्या चार पायऱ्या डोक्यात ठेवून काम करावं लागतं. ही बुद्धीतली वाढ नाही तर काय?

प्रवराकाठ

तिरपागडा, पायऱ्या वाढल्या हे खरं. पण आज शंभर पायऱ्यांचं यंत्र चालवणारा माणूस आजोबांपेक्षा बुद्धीनं मोठा ठरत नाही. शिकवणारी माणसं जास्त, साठलेलं ज्ञान जास्त, म्हणून पायऱ्या वाढतात. तरी 'मोठं हत्यारच का सोडलं' हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तिथेच थांबू.

ओवी_पुणे

मी हौस म्हणून दगड फोडायला शिकले, एका कार्यशाळेत. पुस्तकापेक्षा हातांना लवकर कळतं, म्हणून सविस्तर लिहिते.

डोलेराइट फोडायला जोर लागतो. हातोडा म्हणून गोल, जड गोटा घ्यायचा आणि कडेवर नेमक्या कोनात ठोका द्यायचा. कोन चुकला की दगड फुटत नाही, मनगटाला झिणझिण्या येतात. पण बरोबर बसला तर तळहाताएवढा छिलका निघतो, आणि त्या छिलक्याचीच पुढे हातकुऱ्हाड किंवा क्लीव्हर होते. धार मिळते ती मजबूत, पण फार तीक्ष्ण नाही. हाड फोडायला, लाकूड तासायला, जनावराचे सांधे मोकळे करायला उत्तम.

कॅल्सेडनीचं सगळंच वेगळं. तिचे कण इतके बारीक की ठोका दिला की लाट सगळीकडे सारखी जाते. छिलका पातळ निघतो आणि त्याच्या कडेनं बोट सहज कापतं. ठोका बसला त्या जागी छिलक्यावर एक फुगवटा उमटतो आणि त्याच्याभोवती वलयं. माणसानं फोडलेला दगड आणि पुरात आपटून फुटलेला दगड यांतला फरक ओळखायला हा फुगवटा कामी येतो, पण तेवढ्यावर भरवसा ठेवायचा नाही. एका दगडावर एकाच दिशेनं, ओळीनं, पुन्हा पुन्हा छिलके काढलेले दिसले तर ते हाताचं काम.

कॅल्सेडनीचा त्रास म्हणजे गोट्यांची साल. वरचा खडबडीत थर काढल्याशिवाय आत काय आहे ते दिसत नाही. किती तरी गोटे फोडल्यावर आत स्फटिकांची पोकळी निघते आणि तो गोटा वाया जातो. म्हणून चांगला गोटा ओळखणं ही स्वतंत्र विद्या असणार. वजनावरून आणि आपटल्यावर येणाऱ्या आवाजावरून थोडा अंदाज येतो.

कुणी करून बघणार असाल तर डोळ्यांना चष्मा, जाड हातमोजे, आणि उघड्यावर बसा. सिलिकेची धूळ फुप्फुसात गेली तर परत येत नाही.

खानदेशी

ओवीताई, फार छान लिहिलंत. 'ओळखणं ही विद्या' यावरून आमच्या भागातलं पाटणं आठवलं. चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या परिसरात. एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात तिथे उत्खनन केलं. मध्य पुराश्मयुगापासून त्याच्या बऱ्याच नंतरच्या मध्याश्मयुगापर्यंतचे थर एकाच जागी एकावर एक मिळाले. खालच्या थरांत जास्परचा भर, वर येताना कॅल्सेडनी वाढत जाते, आणि हत्यारं लहान लहान होत जातात. म्हणजे बदल एका दिवसात झाला नाही. रंगीत दगडांमध्येही एकाकडून दुसऱ्याकडे सरकणं आहे.

तिथेच शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, आणि एका कवचावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी. वय साधारण २५ हजार वर्षं. खानदेशात शहामृग फिरत होते! एवढ्या ठिसूळ कवचाला भोक पाडायचं म्हणजे किती बारीक टोक लागलं असेल. ते काम हातकुऱ्हाडीचं नाही.

चौकटराजा

खानदेशात शहामृग! आता आमचे मामा म्हणणार, तेव्हापासूनच खानदेशची चाल भारी आहे. 😀

मांडवी_रत्नागिरी

आमच्याकडे कोकणात अडचण वेगळी. जांभा हा हत्याराचा दगड नाहीच. भोकं भोकं, ठोका दिला की भुगा होतो, धार धरत नाही. जांभ्याच्या सड्यांवर बारसू, कशेळी, उक्षी इथली कातळशिल्पं आहेत, हत्ती, मासे, माणसं, मोठमोठ्या चौकटी. पण धारेचं काम करायला दगड दुसरीकडून पाहिजे. दक्षिणेला सिंधुदुर्गात गारगोटी आणि क्वार्टझाइट मिळतो. कणकवलीजवळच्या कोळोशीच्या गुहेत उत्खननात दगडी हत्यारं मिळालेली आहेत.

कुशावती

गोव्यातही तसंच. उसगाळीमळ इथे कुशावती नदीकाठच्या जांभ्यावर रानरेडे, हरणं, मोर आणि गोल गोल फिरत आत जाणारी वाट कोरलेली आहे. नदी दर पावसाळ्यात त्यावरून जाते. जांभा जमिनीत असताना मऊ असतो आणि उघडा पडला की टणक होतो, हे चिरेखाणीवाले तुम्हाला लगेच सांगतील. कोरायला तो सोपा, हत्याराला नालायक. एकाच दगडाचे असे दोन स्वभाव.

तिरपागडा

कातळशिल्पांचा वेगळा धागा काढा, तिथे मीही लिहीन. इथे अजून माझ्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही.

मृदुला_अ

तिरपागडा, घ्या. मला वाटतं उत्तर दांड्यात आहे.

हातकुऱ्हाड हातातच धरायची. तिची धार, तिचं वजन, तिची मूठ, सगळं एकाच दगडात. त्यामुळे ती लहान होऊ शकत नाही. पण छिलका लाकडी दांड्याला बांधता आला, डिंक-राळ लावून पक्का करता आला, की वजन आणि मूठ लाकडाकडे गेली. दगडाकडे फक्त धार राहिली. धार लहान असली तरी चालते. आणि लहान चालणार असेल, तर ओवीताई म्हणतात तसा तीक्ष्ण दगड का नको?

पुढे सूक्ष्मास्त्रांपर्यंत हेच टोकाला गेलं. दोन-तीन सेंटीमीटरची पाती, चंद्रकोरी, त्रिकोण. एका खाचेत ओळीनं बसवायचे. एक तुकडा मोडला की तेवढाच काढून दुसरा लावायचा, दाढीच्या रेझरचं पातं बदलतात तसा. दांडा करायला दिवस लागतो, तुकडा करायला क्षण. शिकारीला दूर जाणाऱ्या माणसानं चार मुठी गोटे बरोबर घेतले की झालं. एक किलो दगडातून सूक्ष्मास्त्रांची जेवढी धार निघते, तेवढी हातकुऱ्हाडीतून कधीच निघणार नाही.

मध्य प्रदेशात निमाडमध्ये मेहताखेडीला सूक्ष्मास्त्रांचं वय साधारण ४५ हजार वर्षं निघालं आहे. म्हणजे सूक्ष्मास्त्रं ही फक्त मध्याश्मयुगाची खूण आहे, असं जे पूर्वी धरत, ते आता धरता येत नाही.

सह्यकडा

मृदुलाताई, दांड्याचा मुद्दा एकदम पटला. पोकळीएवढा गोटा हा हातकुऱ्हाडीसाठी अडचण होता, दांडा आल्यावर तो सोयीचा झाला.

जिरायती

मी पारनेर तालुक्यातला. नांगरट झाली आणि पहिला पाऊस पडून गेला की रानात असे लाल-दुधी खडे चमकतात. आम्ही लहानपणी गारा म्हणून वेचायचो आणि रात्री एकमेकांवर घासून ठिणग्या पाडायचो. त्यात काही लांबट, दोन्ही बाजूंना समांतर कडा असलेले तुकडे असतात. ही हत्यारं असतील का? गोळा करून इथे फोटो टाकू का?

ओवी_पुणे

जिरायती दादा, समांतर कडा आणि मधून उभी धार असेल तर पातं असण्याची शक्यता चांगली आहे. पण विनंती एकच: गोळा करू नका. जागेवरच फोटो काढा, शेजारी नाणं किंवा पेन ठेवा, मोबाइलमध्ये जागा नोंदवा, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. १९७२चा पुरावस्तू कायदा आहे तो आहेच. पण खरं नुकसान वेगळं आहे. कुठल्या रानात, कुठल्या मातीत, किती तुकडे, त्यात गाभे किती आणि छिलके किती, यावरून ती जागा काय होती ते कळतं. घरच्या काचेच्या बरणीत गेलेला तुकडा काहीच सांगू शकत नाही. आणि इथे फोटो टाकताना गावाचं नेमकं नाव लिहू नका, हौशी लोक पिशव्या घेऊन येतात.

जिरायती

समजलं ताई. रान नांगरलेलं आहे तोवरच फोटो काढतो.

वसंत_जुन्नर

'लाखो वर्षं' असं सगळे सहज लिहिताहेत म्हणून आमच्या कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकची गोष्ट सांगतो. तिथे नदीच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीत हातकुऱ्हाडीच्या काळातली हत्यारं. राखेचं वय काढता येतं, म्हणून सगळे खूश. पण एका मोजणीत वय १४ लाख आलं, दुसरीत साडेसहा लाखांच्या आसपास, आणि तिसरा गट म्हणाला ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख आहे, म्हणजे ७५ हजार वर्षांच्या आतबाहेर. एकाच थराची तीन वयं, आणि त्यांत एवढं अंतर!

मोरगावलाही, अष्टविनायकातलं मोरगाव, कऱ्हेच्या थरांत हातकुऱ्हाडी आहेत. तिथल्या गाळात पृथ्वीच्या उलट्या चुंबकीय दिशेची नोंद मिळाल्यामुळे तो ७.८ लाख वर्षांपेक्षा जुना धरतात. मयूरेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या त्या थरांवरूनच जातात, आणि तिथे साधी पाटीसुद्धा नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

चौकटराजा

अष्टविनायक यात्रेत पुढच्या वेळी ड्रायव्हरला सांगतो, जरा थांब, नववं ठिकाण बघायचंय.

दूरदेशी

मी नेदरलँड्समध्ये, मास्ट्रिक्टच्या जवळ राहतो. इथे रेइकहोल्ट नावाच्या जागी नवाश्मयुगातल्या चकमकीच्या दगडाच्या खाणी आहेत. खडूच्या डोंगरात १० मीटर आणि त्याहून खोल विहिरी खणून, आत आडवी भुयारं काढून लोकांनी चांगला दगड वर काढला. वरचा दगड थंडी-पावसानं तडकलेला, म्हणून खोलातला ताजा दगड हवा.

इथे आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की युरोपच्या पुस्तकांत जे 'फ्लिंट, फ्लिंट' (हाच चकमकीचा दगड) चालतं ते खडूच्या डोंगरांमुळे. दख्खनमध्ये खडू नाही, फ्लिंट नाही. आपल्याकडे नदी गोटे काढून, धुऊन, किनाऱ्याला लावते. खाण खणायची गरजच नव्हती.

वसंत_जुन्नर

दूरदेशी, आपल्याकडे खाण अजिबात नव्हती असं नाही. कर्नाटकात हुणसगी खोऱ्यातलं इसामपूर बघा. के. पड्डय्या यांनी तिथे काम केलं. चुनखडीच्या सपाट लाद्या जमिनीवरच उघड्या पडलेल्या, माणसांनी तिथेच बसून त्या उकलल्या आणि मोठी हत्यारं केली. गाभे, छिलके, हातोडे, अर्धवट राहिलेली हत्यारं, सगळं जागच्या जागी. वय १२ लाख वर्षांच्या आसपास. खोल विहिरी नाहीत, पण दगडासाठी ठरवून जायची जागा आहेच.

बाळंभट_नगर

धागा तांब्यापर्यंत आलेला नाही म्हणून लिहितो. मूळ लेखातल्या शाळेच्या ओळीत शेवटी 'मग तांबं' आहे, तिथेच ती सगळ्यात जास्त फसते.

जोर्वे, दायमाबाद, नेवासे, इनामगाव ही आपली ताम्रपाषाणयुगीन गावं. इनामगाव घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इ.स.पू. १६०० ते ७०० असं साधारण नऊशे वर्षं नांदलं. या लोकांना तांबं माहीत होतं. जोर्व्याला तांब्याच्या सहा सपाट कुऱ्हाडी मिळाल्या. दायमाबादला १९७४ साली मिळालेली चार शिल्पं, रथ, गेंडा, हत्ती, रेडा, मिळून ६० किलोपेक्षा जास्त वजनाची आहेत. तरी रोजच्या कामाला काय? कॅल्सेडनीची पाती. घराघरांत, ढिगानं. कणसं कापायची, कातडं कापायचं, भाजी चिरायची, सगळं दगडाच्या पात्यानं. कारण दख्खनच्या या पठारावर तांब्याची खाण नाही, ते लांबून यायचं. गोटे मात्र दारातल्या नदीत.

आणि पाती काढायची रीत काय सुरेख! गाभ्याच्या एका कडेवर दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं छोटे छिलके काढायचे, म्हणजे नागमोडी कणा तयार होतो. मग वरून एका दाबात किंवा ठोक्यात तो कणाच सोलून काढायचा. तो निघाला की त्याच्या जागी दोन सरळ रेषा राहतात, आणि त्या रेषांच्या आधारानं पुढची पाती एकामागून एक, सरळ, समांतर निघत जातात. जिरायती दादांना रानात दिसलेली पाती बहुधा याच कुळातली.

आता प्रवराकाठ यांच्या काळ्या दगडाबद्दल. तो कायमचा सुटलाच नाही. याच नेवाशाला ताम्रपाषाणयुगाच्या थरात डोलेराइटच्या घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. कर्नाटकात बळ्ळारीजवळच्या संगनकल्लूला तर डोलेराइटच्या डाइकवर अशा कुऱ्हाडी करण्याचा कारखानाच होता. झाडं तोडायची तर घाव सोसणारा दगड पाहिजे, आणि कॅल्सेडनी तिथे तडकते. तांबं आलं होतं, रंगीत दगड हाताशी होता, तरी झाडासाठी माणूस परत काळ्या दगडाकडे गेला.

रानवारा

बाळंभट काका, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

सुगरण_सातारा

काळा दगड अजून तरी कुठे गेलाय? आमच्याकडे जातं, पाटा-वरवंटा, उखळ सगळं त्याचंच. जात्याला टाकी लावायला टकारी दारावर यायचे, 'टाकीऽऽय' अशी हाक द्यायचे. आजी प्रत्येक वेळी दगड हात फिरवून बघायची. तिचं ठाम मत होतं की जात्याला बारीक भोकांचा दगड चांगला, कारण झिजला तरी भोकांच्या कडा नव्या उघड्या पडतात आणि पीठ सरस पडतं. पाट्याला मात्र घट्ट दगड, नाहीतर वाटणात कच येते. इनामगावच्या बाईलाही हा फरक कळत असणारच.

सह्यकडा

सुगरणताई, आजी अगदी बरोबर होत्या. बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला बेसाल्ट आणि घट्ट बेसाल्ट, एकाच लाव्ह्याच्या थरात वर-खाली मिळतात.

नर्मदातीर

अकीकाची गोष्ट निघाली आहे म्हणून खंबातचं लिहितो. माझं बालपण भरूचमध्ये गेलं. राजपीपळ्याकडच्या रतनपूरच्या खाणीतले गोटे खंबातला जातात. तिथे ते आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर तापवतात. आतलं लोह उष्णतेनं लाल होतं आणि मातकट दगडाचा कार्नेलियन, म्हणजे लाल अकीक, होतो. तापवलेला दगड फुटतोही जास्त मनासारखा. फोडणारा कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी अणीवर गोटा टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं हलका ठोका देतो. छिलका खालून, अणीच्या बाजूनं सुटतो. हडप्पा संस्कृतीच्या काळापासून या भागातला अकीक मण्यांसाठी जातो आहे. दगड फोडायची परंपरा भारतात तुटलेली नाही, ती तिथे जिवंत आहे.

पण ओवीताईंनी धुळीबद्दल लिहिलं ते तिथे डोळ्यांनी बघितलं आहे. घासायच्या चाकांवर काम करणारी माणसं सिलिकोसिसनं लवकर जातात. मण्यांच्या दुकानात उभं असताना हे कुणी सांगत नाही.

तिरपागडा

सगळं वाचलं. दांडा, आकार, धार, अंतर, सगळं सुसंगत आहे. तरी एक शंका उरते. आपण फक्त दख्खन बघतोय. इथे दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, हत्याराचा आकार आणि दगडाची जात. मग कशामुळे काय झालं हे कसं ठरवणार? कदाचित आधी रंगीत दगडाचा नाद लागला आणि म्हणून हत्यारं लहान झाली, असंही कुणी म्हणू शकेल.

मृदुला_अ

तिरपागडा, शंका चोख आहे. ती तपासायला जिथे दगड बदलला नाही अशी जागा बघायला हवी. तशी जागा आहे: चेन्नईजवळचं अत्तिरंपक्कम.

रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी पल्लावरमला पहिली हातकुऱ्हाड मिळाली आणि त्याच वर्षी अत्तिरंपक्कमलाही. तिथला दगड क्वार्टझाइट, मोठमोठे गोटे. शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. हातकुऱ्हाडींचं वय १५ लाख वर्षांच्या आसपास निघालं, हे २०११ साली प्रसिद्ध झालं. मग २०१८ साली त्यांनी दाखवलं की ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी तिथे मध्य पुराश्मयुगाची पद्धत सुरू झाली होती. हातकुऱ्हाडी कमी होत गेल्या, गाभा तयार करून काढलेले लहान छिलके वाढले. आणि दगड? क्वार्टझाइटच. कॅल्सेडनीचे गोटे तिथे नाहीतच, आणि तरी हत्यारं लहान झाली.

श्रीलंकेतल्या गुहांत सूक्ष्मास्त्रं आहेत, ती गारगोटीची. तिथेही अकीक नाही.

म्हणजे लहान होणं सगळीकडे घडलं, हाताशी जो दगड असेल त्यात घडलं. दगड बदलणं मात्र जिथे लहान पण जास्त चांगला दगड नदीत पडलेला होता तिथेच घडलं. क्रम 'आधी नाद, मग आकार' असा असता तर अत्तिरंपक्कमला काही बदललंच नसतं.

तिरपागडा

हे उत्तर मान्य. अत्तिरंपक्कमची तुलना मला सुचली नव्हती.

माझा बुद्धीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. दांड्याला पातं बसवायचं म्हणजे लाकूड, दोर, राळ आणि दगड या चार वेगळ्या वस्तूंचा एकत्र विचार. त्यावर पुन्हा भांडू.

प्रवराकाठ

जरूर भांडू, आणि त्यासाठी नवा धागा तुम्हीच काढा.

मृदुलाताई, बाळंभट काका, तुमच्या दोन प्रतिसादांनी माझा प्रश्नच नीट झाला. 'काळा दगड का सोडला' असं विचारण्यात अर्थ नाही. 'कुठल्या कामासाठी सोडला' असं विचारायला हवं. जनावर सोलायला सोडला, झाड तोडायला पुन्हा उचलला, दळायला कधीच सोडला नाही.

पुण्यातल्या मंडळींनी डेक्कन कॉलेजचं संग्रहालय एकदा जरूर बघावं. तिथे गेलात तर नेवाशाच्या हातकुऱ्हाडी आणि इनामगावची पाती एकाच दिवशी बघा.

जिरायती

ताई, फोटो काढले. तुकडे जागेवरच आहेत. एका बांधाच्या कडेला सात-आठ पाती आणि त्यांच्याच रंगाचा एक गाभा पडलेला दिसतो, बाळंभट काकांनी सांगितला तसा एका बाजूला नागमोडी कणा असलेला. पुरातत्त्व विभागाला मेल केला आहे. तोवर त्या पट्ट्यात पाळी घालायची नाही असं घरी सांगून ठेवलंय.

ओवी_पुणे

फार चांगलं केलंत दादा! कण्याचा गाभा आणि पाती एकत्र म्हणजे तिथेच बसून काम झालेलं असू शकतं. बांधाजवळ बारीक चुरा, नखाएवढे छिलके दिसतात का तेही बघा, न उचलता. तो चुरा कुणी दुसरीकडून उचलून आणत नाही, म्हणून तोच सगळ्यात महत्त्वाचा.